पाच रानांची पानं : सिगार तुलनेच्या नोंदी

१२ मे

दाजी काल दुबईहून आले. करमाफीत माणशी २५ सिगार आणता येतात, तेवढेच मागवले होते. पाच प्रकार, प्रत्येकी पाच नग. सगळे एकाच मापाचे हवेत असं तीनदा बजावलं होतं आणि दाजींनी ते नीट पाळलं: लांबी ५ इंच, जाडी ५०. ही ५० म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५०, मिलिमीटरमध्ये १९.८. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर वीस वर्षं गेली, त्यामुळं पहिलं काम व्हर्निअर काढायचं झालं. पंचवीसच्या पंचवीस १९.६ ते २०.१ मध्ये बसले. साच्यात दाबले तरी शेवटी हातानं वळलेलं पान आहे हे. ज्यांनी वळले त्यांच्या हाताला मनापासून दाद.

प्रश्न कुठून आला ते लिहून ठेवतो. आमच्या मामांनी निपाणीच्या तंबाखू वखारीत ३८ वर्षं काढली. बोद, म्हणजे तंबाखूचं मोठं पोतं, उसवून मूठभर माल तळहातावर घ्यायचे, हुंगायचे आणि सांगायचे, हे निपाणीच्या काळ्या रानातलं, हे खालच्या मळीतलं, हे गुजरातच्या चरोतरचं. चुकलेले मी पाहिले नाहीत. स्वतः मात्र आयुष्यात बिडी ओढली नाही. मग सिगारमध्ये रान असं ओळखू येतं का? लोक क्यूबा, निकाराग्वा, डोमिनिकन अशी नावं घेतात, ती पानाची असतात की सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवरच्या छापाची?

आणलेल्यात क्यूबाचा एक आहे. दोन निकाराग्वाचे, एकाच कारखान्याचे, पण एक तिथल्या एस्तेली भागातल्या पानांचा आणि दुसरा हालापा भागातल्या. चौथ्यात आतला माल डोमिनिकन रिपब्लिकमधला आणि वरचं पान इक्वेडोरचं. पाचव्यात आतला निकाराग्वाचा, वर मेक्सिकोच्या सान आंद्रेस खोऱ्यातलं काळपट पान.

नियम: आठवड्याला एकच फेरी, धूर गिळायचा नाही, गच्चीवर, घरातलं कुणी आसपास नसताना. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाला आणि घशाला धोका आहेच. हे मला माहीत आहे आणि हिलाही माहीत आहे. पंचवीस संपले की थांबायचं, असं ठरलंय.

१४ मे

आर्द्रतामापक तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ आणि दोन थेंब पाणी, नुसता ओला चिखल होईल इतकंच. ते आणि मापक एका बंद पिशवीत रात्रभर. मिठाच्या अशा लगद्यावर हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकावर ६९ दिसले, म्हणजे सहा कमी दाखवतो. त्याच्यावर तशी चिठ्ठी चिकटवली.

सिगार आधी तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात. मामांनीच सुचवलं. उन्हाळ्यात तंबाखूचा भुंगेरा अंड्यातून बाहेर पडतो आणि टाचणीएवढी भोकं पाडत सुटतो. वखारीत त्यानं बोदच्या बोद पोखरलेले त्यांनी पाहिलेत.

१९ मे

पहिली फेरी वाया. चूक माझी. रविवार होता, दुपारी तांबडा-पांढरा झाला आणि संध्याकाळी सिगार लावला. जिभेवर तिखट बसलेलं असताना कसली चव कळणार! मित्रानं आणि मी वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं आणि दोघांचंही लिहिणं रश्शाचंच वर्णन वाटत होतं. यापुढं सकाळी नऊला. आधी साधं पाणी आणि कोरडे चुरमुरे. भडंग नाही.

२६ मे

आता पद्धत बसली. ही आतून पट्टी काढून, आकड्याची चिठ्ठी लावून नग देते. कुठला कुठला ते तिच्याच वहीत. मी आणि मित्र एकमेकांशी बोलत नाही, वीस-वीस मिनिटांनी लिहितो.

एक अडचण शब्दांची आली. सिगारच्या वर्णनात ओक, चेरी, एस्प्रेसो असले शब्द येतात. ओकचं लाकूड मी कधी जाळलेलं नाही, मग ते माझ्या नाकाला काय सांगणार? म्हणून ठरवलं, जे नाकानं आयुष्यात खरोखर घेतलंय तेच लिहायचं. आजच्या नगाला मी लिहिलं: भाजलेल्या शेंगदाण्याचं टरफल, मागाहून गुऱ्हाळातल्या काहिलीचा वास. मित्रानं लिहिलं: नव्या चपलेचं कातडं, आणि शेंगदाणे. शेंगदाणे दोघांकडं आले! न बोलता आले. वही उघडली, तो डोमिनिकन-इक्वेडोरचा निघाला.

यात एक मेख आहे. वास डोमिनिकनचा म्हणायचा की इक्वेडोरचा? आतला माल डोमिनिकनच्या सिबाओ खोऱ्यातला. वरचं पान इक्वेडोरचं, तिथं अँडीजच्या पायथ्याशी वर्षभर ढग असतात, त्यामुळं कापडाची सावली न बांधता पान पातळ आणि मऊ येतं. अमेरिकेच्या कनेटिकट खोऱ्यात त्याच कामासाठी १९०० पासून शेतांवर कापडाचे मांडव घालू लागले. एका सिगारमध्ये दोन देश असले तर एका देशाचं नाव त्याला कसं द्यायचं? शुद्ध तुलना फक्त क्यूबा, एस्तेली आणि हालापा या तिघांत होईल. बाकी दोन वरच्या पानाचा फरक कळायला ठेवायचे.

२ जून

आजची नोंद मोठी आहे.

गेल्या आठवड्यात एका दुकानातून ‘अस्सल क्यूबन’ म्हणून एक सिगार घेतला. दाजींच्या क्यूबनशी पडताळायला. पट्टी देखणी, सोनेरी. किंमत मी हिलाही सांगितलेली नाही. ओढण्याआधीच शंका आली, बोटांत धरला तर एके ठिकाणी टणक आणि एके ठिकाणी पोकळ. मामा आले होते. म्हणाले, “फाड की.”

वर्तमानपत्र अंथरलं. ब्लेडनं उभा चिरला. वरचं पान सोललं, खालचं जाड बांधपान सोललं, आणि आतून कागदावर सांडला तो चुरा. नखाएवढे तुकडे, देठं, धूळ. मामांनी चिमूट उचलली, हुंगली, आणि चेहऱ्यावर वखारीतला जुना राग आला. “ह्यात पान न्हाई लेका. ही झाडलोट हाय. चाळनीखालचा माल वर पान गुंडाळून इकलाय.”

मग मी दाजींचा एक खरा क्यूबन चिरला. जीवावर आलं, पण चिरला. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पानं, चुणीदार घड्या घालून एकावर एक ठेवलेली. घड्यांच्या मधून हवेला वाट. मामा वाकले. एकेक पान बोटांनी वेगळं करून दिव्यासमोर धरायला लागले. बाहेरच्या बाजूचं पातळ, फिकं पान बाजूला ठेवलं. मधलं घेतलं, हुंगून ठेवलं. आणि अगदी गाभ्यातलं जाड, काळसर, तेलकट पान अंगठ्यानं चोळलं. अंगठा डिंकानं चिकटला. “ह्ये शेंड्याचं. समद्यात जास्त ऊन ह्येनं खाल्लंय. म्हनून मधी घातलंय व्हय?”

मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. क्यूबात बुडाच्या पानाला व्होलादो म्हणतात, ते जळायला सोपं. मधल्याला सेको, ते वासाला. शेंड्याच्या पानाला लिहेरो, ते सगळ्यात कडक आणि सावकाश जळणारं, म्हणून वळणारा ते बरोबर गाभ्यात ठेवतो, नाहीतर सिगार एका बाजूनं जळत जातो. मामांनी हे बोटानं वाचलं. पिनार देल रिओ हे क्यूबातल्या तंबाखूच्या प्रांताचं नाव त्यांनी आजवर ऐकलेलं नाही.

खऱ्या क्यूबनचं पान पुसट गुळचट वासाचं आणि किंचित मातकट होतं. दुकानातल्या चुऱ्याला ओल्या गोणपाटाचा वास. दुकानदाराकडं गेलो, तर ‘उघडलेला माल परत घेत नाही’ एवढंच उत्तर. पैसे गेले त्याहून जास्त याचं वाईट वाटलं की असा एक ओढून कुणीतरी म्हणत असेल, क्यूबात काही दम नाही.

२३ जून

पाऊस लागून पंधरा दिवस झाले. सगळं बिघडलं.

सिगार लाकडी पेटीत होते आणि पेटीची फट मला दिसली नाही. आज वजन केलं. काटा गुजरीतल्या सोनार मित्राचा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. १०.९ ग्रॅमचा नग ११.६ झालाय. जाडी २०.६. दोघांचं वरचं पान फुगून उकललंय. एस्तेलीचा एक लावून पाहिला तर आग मधून बोगदा करत गेली आणि कडा तशाच राहिल्या. तोंडात नुसता कडवट वाफारा. याला एस्तेलीची चव म्हटलं तर एस्तेलीवर अन्याय. जूनच्या सगळ्या नोंदी बाद.

१९ मेच्या आणि आजच्या नोंदीतून एकच दिसतंय. मी दोन रानांतला फरक मोजायला बसलो आणि मोजला रस्सा आणि पाऊस.

७ जुलै

स्टीलचा रबरी झाकणाचा डबा, आत ६५ टक्क्यांची पुडी. ती जास्तीचा ओलावा शोषते आणि कमी पडला तर सोडते. रोज वजन. ११.६ वरून ११.२. घाई केली तर पान तडकेल, म्हणून वजनापुरतं सोडलं तर झाकण उघडायचं नाही.

२१ जुलै

पंचगंगा ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं चाललीय. कारखाना अर्धा दिवस. सिगार अजून सुकतायत, म्हणून न ओढता करायची चाचणी केली.

पानाची दोन सेंटिमीटरची पट्टी घ्यायची, उदबत्तीचा निखारा टेकवायचा, धग धरली की उदबत्ती काढून घ्यायची आणि ठिणगी किती सेकंद जिवंत राहते ते मोजायचं. तंबाखूच्या पानाची जळण्याची ताकद तपासायची ही जुनी रीत आहे. चिरलेल्या क्यूबनचं वरचं पान: १३ सेकंद, १२, १४. दुकानातल्या नकलीचं: ५, ३, ५.

मामांनी निपाणीकडच्या दोन शेतकऱ्यांची अखंड वाळली पानं आणून ठेवली होती. एक माळाच्या काळ्या रानातलं, दुसरं ओढ्याकाठच्या खाली, पाणी साचणाऱ्या रानातलं. माळाचं ४ सेकंद जळलं. ओढ्याकाठच्याची ठिणगी उदबत्ती उचलताक्षणी विझली. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

कारण पानातल्या क्लोरीनमध्ये आहे. जमिनीत क्षार चढले की तंबाखू क्लोराइड ओढून घेते, आणि ते पानात शेकडा दोनच्या आसपास गेलं की पान आग धरत नाही. पोटॅशियम याच्या उलट, ते आग टिकवतं. म्हणूनच तंबाखूला पोटॅश द्यायचं तर म्युरिएट टाळून सल्फेट देतात, कारण म्युरिएट म्हणजेच पोटॅशियम क्लोराइड. शिरोळ भागात उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली रानं आपण सगळ्यांनी पाहिलीत. तिथल्या उसाचा गूळ खारट लागतो, ढेप पाघळते, आणि गुळाचा अडत्या जिभेवर खडा ठेवून लगेच ओळखतो. गुळात जे जिभेला कळतं ते तंबाखूत निखाऱ्याला कळतं. रान पानात उतरतं याचा मला मिळालेला हा पहिला पुरावा, आणि तो चवीच्या आधी आगीत मिळाला.

मामांना सांगितलं तर म्हणाले, “खारवट रानाचा माल आमी येगळा थप्पीला लावायचो. का ते कुनी सांगितलं न्हवतं.”

१८ ऑगस्ट

सगळे नग ११.० च्या आत आले. एस्तेली विरुद्ध हालापा, आंधळी फेरी. एकच देश, एकच कारखाना, एकच माप. दोन्हीकडं मूळ बियाणं क्यूबाकडून आलेलं: १९५९ च्या क्रांतीनंतर आणि १९६२ च्या अमेरिकी बंदीनंतर कितीतरी बागाईतदार बेट सोडून निकाराग्वा, होंडुरास, डोमिनिकन रिपब्लिककडं गेले आणि बियाणं बरोबर गेलं. म्हणजे याहून न्याय्य जोडी मला मिळणार नाही.

पहिला: सुरुवातीलाच घशाला मिरी. मग जळक्या चिंचेच्या लाकडाचा धूर, भरदार. अर्ध्यावर मला किंचित गरगरलं, पाणी प्यालो. राख करडी, घट्ट, सव्वा इंच टिकली.

दुसरा: मऊ. काकवी. मित्रानं लिहिलं ‘पाकातली, पण फार गोड नाही’. राख थोडी पांढरट.

दोघांनीही पहिला एस्तेली लिहिला आणि दुसरा हालापा. दोघांचंही बरोबर आलं. एस्तेलीची माती काळी आणि जड, हालापा होंडुरासच्या सरहद्दीजवळ, माती तांबूस आणि हवा दमट. काळ्या रानातला तंबाखू कडक आणि तांबड्यातला मवाळ, हे मामा निपाणीच्या बाबतीत कायम म्हणत आलेत. गच्चीवरून खाली जाऊन त्यांना फोन केला. आवाजात आनंद होता, पण म्हणाले, “एक डाव जुळलं म्हंजे जुळलं असं न्हवं. परत कर.”

२५ ऑगस्ट

परत केलं. मित्राचं बरोबर, माझं उलटं आलं. लिहून ठेवतो.

१ सप्टेंबर

तिसऱ्यांदा. दोघांचं बरोबर. मेक्सिकोच्या काळ्या पानाचा नगही लावला. आतला माल निकाराग्वाचा असूनही त्यात ना एस्तेलीची मिरी ना हालापाची काकवी, वरच्या पानाचा जळक्या साखरेसारखा वास सगळ्यावर पसरलेला. वजनात वरचं पान किती थोडं असतं, आणि तरी ओठाला तेच लागतं.

१५ सप्टेंबर

निपाणीच्या पानाचा सिगार करायचाच, हे मनात कधीचं होतं. आज केला. मामा समोर बसले होते.

माळाच्या रानातली पानं ओलसर फडक्यात रात्रभर ठेवून मऊ केली. मधली शीर सोलून काढली. आत चार पानं चुणी घालून, भोवती एक बांधपान, वर सर्वांत धड असलेलं पान. डिंक म्हणून कणकेची खळ. माझी बोटं लोखंडाला सरावलेली, पानाला नाही. तीन फाटले, चौथा उभा राहिला. १०.४ ग्रॅम. दिसायला ओबडधोबड, पण आमचा.

आठ दिवस डब्यात ठेवून लावायचं ठरलं होतं, धीर धरवला नाही. दोन झुरक्यांत डोळ्यांत पाणी. जीभ चुरचुरली, नाकात अमोनियाचा वास घुसला, मुतारीसारखा. चौथ्या झुरक्याला ठेवून दिला. मामांनी धुरावर हात हलवला आणि गप्प राहिले. मला वाटलं त्यांना राग आला असेल. थोड्या वेळानं म्हणाले, “रानाचा दोष न्हाई ह्यो. आमी ह्ये पान ह्या कामाला कदी वाळीवलंच न्हाई.”

तेच खरं आहे. बिडीचा तंबाखू आपण उन्हात जमिनीवर पसरून वाळवतो, मग त्याचा चुरा होतो आणि तो तेंदूच्या पानात जातो. तंबाखूचं पान वर दिसायचंच नसतं, त्यामुळं ते अखंड, पातळ, मऊ असावं अशी गरज कुणाला पडली नाही. कडकपणा हवा, तो आहे. सिगारचं पान सावलीत, हवेशीर कोठारात, दांडीला टांगून आठवडेच्या आठवडे सुकतं. त्या काळात ते मरत मरत स्वतःच्या अंगातला पिठूळपणा संपवतं. नंतर माणसाएवढ्या उंच थप्प्या लावतात, त्या आतून तापतात, अमोनिया निघून जातो, मग थप्पी मोडून खालचं पान वर आणि पुन्हा तापवायचं. उन्हात झटक्यात वाळलेल्या पानाला यातलं काहीच मिळत नाही.

म्हणजे मी क्यूबा आणि निपाणी यांची माती शेजारी ठेवली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात ठेवलं एक पूर्ण शिजलेलं अन्न आणि एक कच्चं.

वखारीत चाळणीवर बसणाऱ्या बायकांचा विषय आज मामांनी स्वतःहून काढला. तोंडाला पदर बांधून दिवसभर त्या धुळीत, शिंकत, खोकत. “माल कुठल्या रानाचा त्ये मी सांगायचो. त्येंच्या छातीत काय गेलं त्ये कुनी इचारलं न्हाई.” हे नोंदीत असावं असं त्यांनी सांगितलं, म्हणून आहे.

२९ सप्टेंबर

थप्पी लावायला शेकडो किलो पान हवं, तरच ते स्वतः तापतं. माझ्याकडं ४०० ग्रॅम. म्हणून थर्मोकोलचा मासळीचा खोका धुऊन घेतला, आत ४० वॅटचा बल्ब, वर्कशॉपमधला थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी. ५० अंशांवर लावला. पानं बरणीत, झाकण सैल. रोज सकाळी वास, आठवड्याला एकदा खालवर. माळाची पानं एका बरणीत, ओढ्याकाठची दुसऱ्यात.

६ ऑक्टोबर

झाकण उघडलं की डोळे झोंबतात. अमोनिया निघतोय.

२० ऑक्टोबर

झोंबणं निम्म्यावर. माळाच्या पानाचा पिवळट तपकिरी रंग गडद होत चाललाय. वाटीतलं पाणी दोनदा आटलं होतं, लक्ष ठेवायला हवं. ही म्हणते, माडीवर गुऱ्हाळासारखा वास येतोय. हे तिच्या तोंडून आलं, मी विचारलं नव्हतं.

१० नोव्हेंबर

सहा आठवडे झाले. मामा फराळाला आले होते, त्यांच्यासमोरच बरण्या उघडल्या. आधी त्यांनी हुंगलं. बराच वेळ. मग उदबत्ती लावली.

माळाचं पान: ९ सेकंद, ८, ९. जुलैत ४ होतं. ओढ्याकाठचं: १, ०, १. ते जवळजवळ होतं तिथंच राहिलं. सहा आठवड्यांच्या उबेनं कच्चेपणा घालवला, मीठ घालवलं नाही.

माळाच्या पानाचे तीन सिगार वळले. यावेळी एकच फाटला. १०.७, १०.९, ११.० ग्रॅम. डब्यात ६५ टक्क्यांवर ठेवलेत, संक्रांतीपर्यंत हात लावायचा नाही. हालापाचा शेवटचा एक नग त्यांच्याशेजारी राखून ठेवलाय. पुढच्या जानेवारीत रानात काढणी सुरू होईल तेव्हा वीसेक झाडांची पानं उन्हात न टाकता गोठ्याच्या आढ्याला टांगायची, माळाच्या शेतकऱ्याशी मामांनी तसं बोलून ठेवलंय.